डोमाजींचे डबे

डोमाजी दवाखान्यात आले की आधी खिडक्या उघडत आणि मग चपला काढत. डिसेंबरातल्या सकाळी बाहेर एवढी धुवारी असे, की समोरच्या राईस मिलचं धुराडंही दिसत नसे. तेव्हासुद्धा हा माणूस बाकांच्या मागून फिरत एकेक कडी काढी. शाली गुंडाळून बसलेले रोगी कुरकुरत. एका म्हातारीनं एकदा चिडून विचारलं, काऊन रे बाबा, थंडीनं मारतेस का आमाले? डोमाजींनी पुढची खिडकी उघडली आणि म्हणाले, "थंडीनं नाक वाहाते माय. टीबी बंद घरानं येते."

गोंदियातल्या एका छातीच्या दवाखान्यात ते प्रयोगशाळेतले मदतनीस होते. संस्था लोकांच्या देणग्यांवर चाले. तिचं नाव इथे घेत नाही, कारण जे घडलं त्यात दोष माझा आहे. थुंकीचे डबे घ्यायचे, काडीनं थुंकी काचेवर पसरायची, काच सुकवायची, रंगवायची, एवढं डोमाजींचं काम. सूक्ष्मदर्शकाला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. ते सडक अर्जुनीकडचे, कोहळी समाजातले. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावावर गाव अजून धान पिकवतं, याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त कुणी पावसाबद्दल छातीठोकपणे बोललं, की गालातल्या गालात हसत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असे. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला वाटलं, भिशीची असेल. निघालं भलतंच. 'पूर्वेचा वारा. काच लवकर सुकली.' 'झड. काच दुपारपर्यंत ओली.' 'धुवारी. आज आलेल्या चौघांच्या घरी एकच खोली, वासरूही आत.' रोज एक ओळ. रोग्याशी बोलताना ते औषधाचं कमी आणि घराचं जास्त विचारत. दार कोणत्या दिशेला, झडीत चूल कुठे पेटते, खोकणाऱ्याजवळ कोण निजते. दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांना 'हवामान खाता' म्हणायचा. सकाळी फाटकातूनच ओरडायचा, "ए हवामान खाते, आज पानी गिरेगा क्या?" डोमाजी आभाळाकडे न पाहता सांगत, "तू गाडी धुतलास ना, मंग येईलच."

ही दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. मी तिथे आकडेवारीचा माणूस होतो. गोंदियाजवळच्याच गोरेगावच्या पोवार घरातला मुलगा, पण नागपूरला शिकल्यावर घरची बोली जिभेवरून पुसून टाकलेली. कोणत्या महिन्यात किती रोगी सापडले, याचा एक मोठा तक्ता मी चार रंगांत केला होता. होळीनंतर स्तंभ चढत जात, जुलै-ऑगस्टला एकदम बसत, दिवाळीनंतर पुन्हा डोकं वर काढत. दर वर्षी तीच आकृती. त्यातून मी सिद्धान्त काढला: पावसाळ्यात हवेतली धूळ बसते, ओलाव्यानं जंतू पसरत नाहीत, म्हणून क्षय कमी होतो. नागपूरच्या एका बैठकीत तो तक्ता दाखवला, तेव्हा टाळ्या पडल्या. एका मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. परत येताना बसमध्ये तक्त्याची गुंडाळी मी मांडीवर धरून बसलो होतो, लहान मुलासारखी.

मग मी पुढचं पाऊल टाकलं. आमची एक गाडी दर आठवड्याला सालेकशाकडच्या जंगलातल्या गावांत जाऊन थुंकीचे डबे गोळा करी. पावसाळ्यात रोगच कमी असतो, तर चिखलात गाडी रुतवायची कशाला? तीन महिने फेरी बंद ठेवावी, असं मी सुचवलं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. डोमाजी चहाचे पेले उचलत होते. ते तक्त्यासमोर थांबले, जुलैच्या बुटक्या स्तंभावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी रोगी मोजून नाही राहिले. तुमी रस्ते मोजून राहिले."

कुणीतरी हसलं. मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, जुलैत नाले भरतात, धानाची रोवणी लागते. खोकणारी बाईही वाकून पऱ्हे लावत असते, कारण रोवणी थांबत नाही. ती दवाखान्यात येत नाही याचा अर्थ ती बरी आहे असा नाही. उलट झडीत अन् धुवारीत दारं बंद होतात, सगळं घर एका खोलीत निजतं, रोग तेव्हाच एकाचा दुसऱ्याला लागतो. तो वर यायला महिने जातात, आणि माणूस मोकळा होऊन इथवर यायला आणखी महिने. "उन्हाळ्यात तुमाले जो दिसते ना साहेब, तो पावसातलाच हाये."

आज वाटतं, इतकी नेटकी मांडणी त्या बैठकीत दुसऱ्या कुणी केली नव्हती. मी मात्र सगळ्यांसमोर म्हणालो, "डोमाजी, तुम्ही काचा सुकवा. जंतूंचं आम्ही बघतो." मोठा हशा झाला. ते पेले घेऊन बाहेर गेले.

गाडी बंद झाली. डोमाजी रविवारी सकाळच्या रेल्वेनं सालेकशाला उतरून पायी गावांत जाऊ लागले. जुलैतल्या एका सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली. आत थुंकीचे नऊ डबे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव आणि गाव. मी फॉर्म मागितले. फॉर्मवर गावच्या आरोग्यसेविकेची सही लागते आणि ती बाई नाल्यापलीकडे अडकली होती. डोमाजी म्हणाले, सही तुमचीही चालते साहेब, मांगं चालली होती.

चालली असती. पण मी नियम दाखवला. नोंदीशिवाय तंत्रज्ञ काच बघणार नाही आणि सहीशिवाय मी नोंद करणार नाही. ते दोन दिवस रोज येऊन उभे राहिले. "करून घ्या जी," एवढंच म्हणत. तिसऱ्या दिवशी डबे गळू लागले, झाकणांवर बुरशी दिसली, तेव्हा मी ते जाळून टाकायला सांगितलं. जाळायचं काम अर्थात त्यांचंच होतं. त्यानंतर त्यांनी डबे आणले नाहीत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी फक्त नियमाला धरून होतो. ते खरं नाही. ते नऊ डबे नोंदवले असते आणि त्यातले काही दोषी, म्हणजे जंतू असलेले, निघाले असते, तर माझा जुलैचा स्तंभ वर गेला असता. सही न करताना माझ्या मनात नियम नव्हता, तक्ता होता.

धान कापून झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा मंगरू नावाचा एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला. स्टेशनपासून तसाच चालत आला होता. फुलवंता तिचं नाव. वय पंचविसाच्या आतबाहेर, हाताची हाडं मोजता यावीत अशी. तिची काच दोषी निघाली, छातीच्या फोटोत दोन्ही बाजू पांढऱ्या. औषध त्याच दिवशी सुरू झालं. मी रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहीत होतो, तेव्हा डोमाजी शेजारी येऊन उभे राहिले. नाव लिहून होईपर्यंत थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "साहेब, हे बाई जुलैतच आली होती. डब्यात."

आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. फुलवंता तीन आठवड्यांनी गेली.

पुढच्या पावसाळ्यात मी गाडी पुन्हा सुरू करायला लावली. अर्जात 'रस्त्यांची स्थिती सुधारल्यामुळे' असं लिहिलं. जुलैचा स्तंभ वाढला, आणि नागपूरला कुणी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आम्ही शोधमोहीम वाढवली आहे. पुन्हा पाठ थोपटली गेली. डोमाजी गाडीत पुढच्या सीटवर बसून जाऊ लागले. ड्रायव्हर सांगायचा, एका गावात मात्र बुढ्ढा गाडीतून उतरत नाही, मलाच डबे आणायला पाठवतो. कारण मी विचारलं नाही.

ते निवृत्त झाले, गावी गेले. निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्यावर दहा मिनिटं बोललो. खिडक्यांचं सांगितलं, वहीचं सांगितलं, लोक हसले. डब्यांचं सांगितलं नाही. ते समोर खुर्चीत हार घालून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते, जसे ते प्रत्येकाकडे बघत तसेच.

काही वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला: बाबा गेले. तेरवीला मी गेलो. मांडवात पंगत बसली होती. मी 'दवाखान्यातले साहेब' म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. भात वाढायला एक पिकल्या केसांचा माणूस आला. मी त्याला ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं. भाताचं घमेलं कमरेवर टेकवून म्हणाला, मी मंगरू जी, फुलवंताचा नवरा.

मी विचारलं, इकडे कसे? तो म्हणाला, कसे म्हणजे, घरचेच झाले होते ते. मग उकिडवा बसून सांगू लागला. बायको गेल्यावर महिन्याभरानं डोमाजी त्याच्या घरी गेले होते. म्हणाले, तुझ्या बायकोचा डबा जुलैत मीच नेला होता आणि माझ्याच हातून खराब झाला. हात जोडले. "दोन बरस मी त्याले आंगनात पाय ठेवू नाही देल्लो," मंगरू म्हणाला. "एक डाव त दगड उचललो होतो. तरी यायचा. गाडीत बसून राहाचा. मंग माहाच जीव थकला."

आजूबाजूला लोक जेवत होते. मंगरूनं माझ्या पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, तुमी त त्याच्यासंगच होते. खरंच त्याच्या हातून झालं का जी? मले कधी पटलं नाही. एवढा सांभाळून करनारा मानूस."

डोमाजी नव्हते. मला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं. समोर बसलेल्या माणसाला फक्त एक वाक्य हवं होतं आणि ते माझ्याजवळच होतं.

मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे, मंगरू."

त्यानं मान हलवली, आणखी एक वाढणी भात माझ्या पत्रावळीवर घातला आणि पुढच्या माणसाकडे सरकला. मी तो भात खाल्ला.

आता हे सगळं लिहिलं. सही माझी आहे, नोंद माझी आहे. पण मंगरूला वाचता येत नाही, आणि लिहायला बसलो तेव्हा मला ते ठाऊक होतं.