माळ न सापडल्याचा आनंद

लातूरच्या एका कॉलेजात बैठक होती. नांदेड-लातूरच्या संस्थांना आपल्याकडच्या प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून देशाच्या जैवविविधता संकेतस्थळावर द्यायच्या होत्या. काही जण त्या सगळ्यांसाठी खुल्या करायला कचरत होते. लोकांच्या हक्काची माहिती कुलुपात का ठेवता, असं मी तावातावानं विचारलं. शेजारी मुखेडकडच्या एका गावाच्या जैवविविधता समितीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ओ भाषणवाले," त्या म्हणाल्या, "आमच्या माळावर चांदणी कासवं हायत. मागं एकानं जागेसकट फोटो टाकला, तर चोर पोतं घिऊन आले. माहिती समद्याला द्या, पत्ता देऊ नका."

कुलूप वेगळं आणि आडोसा वेगळा, हे मला कोणत्याच पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

नेमकी जागा संस्थांपुरती ठेवायची आणि बाकीच्यांना फक्त तालुका दाखवायचा, असं ठरलं. संगणकावरच्या मुलीनं तसा बदल केला. बाईंचा तेवढ्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी माझा फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नोंदींच्या नकाशावर बराच वेळ बोट फिरवलं.

"माझाच माळ मला घावंना," त्या हसत म्हणाल्या. "हाव, आता करा खुलं."