पोशीरचा पत्ता

बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं विकत घ्यायची आणि चालू कारखान्यांना विकायची, हा माझा धंदा. खोपोलीत गोदाम आहे. कुठल्या मोटरीत जीव शिल्लक आहे आणि कुठलीला नुसता रंग फासलाय, ते मला आवाजावरून कळतं. भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तरीही साजगावच्या एका कारखान्यासमोरून टेंपो नेताना आजही माझं डोकं तापतं.

विशीत असताना कामासाठी मी त्या गेटवर दहा दिवस उभा राहिलो होतो. अकराव्या दिवशी वॉचमनने गाव विचारलं. मी पोशीर म्हणालो, कर्जतजवळचं. त्याने हातातली आत सोडायची चिठ्ठी परत खिशात घातली. "लोकल नको म्हणलंय सायबांनी. तुमी भातलावणीला गावाला पळता, नि काय बोललं की चार माणसं घेऊन येता." मी एकदाही पळालो नव्हतो, कारण मला कुणी आत घेतलंच नव्हतं. पुढे त्याच कारखान्याला मी यंत्रं विकली, आणि दर वेळी मुद्दाम चढा भाव लावला. राग मात्र तेवढ्याने फिटला नाही.

माझ्या बहिणीची मुलगी पोशीरलाच राहते. कर्जतच्या आयटीआयमधून ती फिटर झाली आणि दोन वर्षं घरी बसली. घरी बसली म्हणजे शनिवार-रविवार एका फार्महाऊसवर पाहुण्यांना नाश्ता वाढायची. आम्ही मुंबई आणि पुण्याच्या मधोमध राहतो. लोकांना वाटतं, इथल्या मुलांना कामाला काय तोटा. पण इथली शिकलेली मुलं बंगल्यांची लॉनं कापतात, आणि कारखान्यात बाहेरून बसने माणसं येतात.

मग सरकारची योजना आली. सहा महिने कारखान्यात काम शिकायचं, विद्यावेतन सरकार देणार. भाचीला साजगावचाच तो कारखाना हवा होता, तिथे फिटरचं खरं काम होतं म्हणून. मी लगेच अक्कल चालवली. लोकल म्हटलं की गेट बंद, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? बदलापूरला माझ्या चुलतभावाचा फ्लॅट आहे. भाडेकरार करून तिच्या आधारवर तिथला पत्ता चढवला, आणि अर्जही त्याच पत्त्यावरून भरायला लावला.

"मामा, मी ऱ्हाते पोशीरला नि कागदावर बदलापूर?" तिने विचारलं होतं. मी म्हणालो, गेट कसं उघडतं ते मला शिकवू नकोस.

कर्जतला रोजगार मेळावा होता, तिथे तिच्याबरोबर मीही गेलो. टेबलामागच्या अधिकाऱ्याने तिचं नाव शोधलं. सापडेना. मग त्याने शांतपणे सांगितलं की या कारखान्याला फक्त रायगडची यादी जाणार आहे. बाहेरची मुलं महिनाभरात निघून जातात, म्हणून कारखान्यानेच या वेळी जवळची मुलं मागितली होती. पोशीर रायगडात, पण कागदावरचं बदलापूर ठाणे जिल्ह्यात, तेव्हा भाचीचं नाव ठाण्याच्या यादीत. आणि रायगडची यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

मी टेबलावर हात आपटला. तीस वर्षं लोकल नको म्हणून हाकललं आणि आता लोकल पाहिजे काय, असं बरंच बोललो. तो बिचारा त्या वेळी शाळेत असेल. मागच्या रांगेतली मुलं बघायला लागली. भाचीने माझा दंड धरला.

"मामा, तुमी जरा भायेर बसा."

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतून उतरून आलेल्या दोन मुली होत्या. त्यांनी याच योजनेतून अंगणवाडीत काम केलं होतं, पण विद्यावेतन खात्यात आलं नव्हतं, आणि त्यासाठीची ही तिसरी खेप. खात्याला आधार जोडलेलं आहे का, मी विचारलं. ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बँकेत काय मागायचं ते मी कागदावर लिहून दिलं. त्यातल्या एकीने माझ्याकडे बघितलं.

"काका, तुमचं काय काम?"

"माझं नाही. भाचीचं."

"मंग ती आत नि तुमीच का भायेर?"

दोघी हसल्या. मलाही हसू आलं.

भाची बाहेर आली. शाळा सोडल्याचा दाखला आणि डोमिसाइल दोन्ही तिच्या फायलीत होते, दोन्हींवर पोशीर. पत्ता का बदलला, याचा अर्ज लिहून द्या, मग नाव घेतो, असं अधिकारी म्हणाला होता. मी सांगायला सुरुवात केली, लिही, कुटुंब काही काळ स्थलांतरित झाले होते. तिने पेन थांबवलं.

"एका खोट्यात आडकलेच ना? आता दुसरं नको."

तिने लिहिलं: स्थानिकांना कारखान्यात घेत नाहीत, असे घरच्यांना वाटले, म्हणून पत्ता बदलला. मी पोशीरचीच आहे.

मला ते वाचताना लाज वाटली, आणि राग आला. "घरच्यांना वाटले" काय? माझ्या बाबतीत ते घडलं होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. अधिकाऱ्याने अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो, हे माझंच काम. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याशी घासाघीस केली नाही.

"बाकीचे सगळे घर बदललं म्हणून लिहितात," तो म्हणाला आणि तिचं नाव यादीत चढवलं.

कारखान्याने त्या यादीतून तिला घेतलं, आणि सोमवारी मी तिला टेंपोतून साजगावला सोडलं. गेटवर नवा, तरुण वॉचमन होता. त्याने वही उघडून गाव विचारलं. पोशीर, ती म्हणाली. त्याने लिहून घेतलं आणि बाजूला झाला. ती मागे न बघता आत गेली. मी टेंपो चालूच ठेवून बराच वेळ तिथे बसून होतो.

सहा महिन्यांनी पुढे काय, हे मी त्या अधिकाऱ्यालाही विचारलं होतं. प्रमाणपत्र मिळेल, एवढंच तो म्हणाला. प्रमाणपत्रं तिच्या फायलीत आधीच पुष्कळ आहेत. त्या कारखान्याला पुढच्या महिन्यात एक जुनी लेथ हवी आहे, आणि ती माझ्याकडे आहे. या वेळी चढा भाव लावणार नाही. बसल्या बैठकीत भाचीच्या सातव्या महिन्याचं, म्हणजे पुढच्या नोकरीचं, बोलून घ्यायचं मनात आहे. पण आधी तिला विचारीन. ती बाहेर बसा म्हणाली, तर बाहेर बसेन.