चिठ्ठीतल्या रेघेच्या वर

जपमाळेचे पन्नास मणी मी बारा मिनिटांत संपवते. यात फुशारकी नाही, उलट लाजच आहे, पण आमच्या बोरिवलीच्या त्या चार-पाच इमारतींत हा माझा गुण समजला जातो. ऑक्टोबर महिनाभर मारियेची मूर्ती आमच्याकडे घरोघर फिरते, आज या घरी, उद्या त्या घरी. संध्याकाळी साडेसातला आसपासचे ख्रिस्ती शेजारी जमतात, एकजण पुढे बसून माळ सांगतो, बाकीचे उत्तर देतात, आणि शेवटी घरवाले वाटी वाटी उकडलेले चणे देतात, वर ओलं खोबरं. माळ सांगायला बहुतेक वेळा मलाच बसवतात, कारण मी अडखळत नाही आणि लोकांना आठच्या आत घरी जायचं असतं.

अडखळत नाही, कारण मी तिथे नसतेच. तोंड चालू असतं आणि डोकं भलतीकडे. आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळतं, तर वरच्या मजल्यावरच्या बाईला कसं झापायचं याची वाक्यंच्या वाक्यं मी माळेवर रचली आहेत, आणि काय झकास रचली आहेत. अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाईप करते. तिथे एका पेशंटचं नाव दुसऱ्याच्या रिपोर्टवर गेलंय असं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही. देवासमोर मात्र झालं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. आमची वीस वर्षांची मैत्री, एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे. तिच्या नवऱ्याला मी दादा म्हणते. त्या वर्षी दादा पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी हात टेकून त्यांना घरी पाठवलं होतं. पण त्या घरात तसं बोलायची सोय नव्हती. मैत्रिणीने सगळ्यांना बजावलं होतं, मरणाबिरणाचं नाव काढायचं नाही, ते बरे होताहेत. आम्हीही जाऊन ‘आज चेहरा छान दिसतोय हं’ वगैरे म्हणून यायचो.

मूर्ती त्यांच्या घरी आली त्या संध्याकाळी माळ सांगायला अर्थातच मी. दादा आतल्या खोलीत, दार उघडं ठेवलेलं. मैत्रिणीने नेहमीप्रमाणे माझ्या हातात चिठ्ठी दिली. अशा चिठ्ठीत मधे रेघ असते. रेघेच्या वर घरातल्या आजाऱ्यांची नावं, खाली मेलेल्यांची. वर एकच नाव होतं, दादांचं. खाली त्यांचे आईवडील आणि तिचा भाऊ. माळ संपली, आजाऱ्यांची प्रार्थना झाली, मग मी मेलेल्यांवर आले. प्रत्येकाचं नाव घेऊन ‘प्रभू, यांना चिरविश्रांती दे’ असं मी म्हणायचं आणि सगळ्यांनी ‘तुझा प्रकाश यांच्यावर सदैव राहो’ असं उत्तर द्यायचं. तीन नावं झाली. मग मी चौथं नाव घेतलं. दादांचं.

मला कळलंही नाही. सगळ्यांनी खणखणीत उत्तर दिलं, कारण त्यांचंही लक्ष तोवर चण्यांकडे गेलेलं. उत्तर संपलं आणि मग, अर्धा क्षण मागून, आतल्या खोलीतून घोगरा आवाज आला, ‘...यांच्यावर सदैव राहो.’ दादांनी स्वतःच्या नावाला उत्तर दिलं होतं. तेव्हा माझी नजर चिठ्ठीवर गेली. ते नाव रेघेच्या वर होतं.

मैत्रिणीने सगळ्यांना चणे दिले, मलाही दिले, फक्त माझ्याकडे न बघता. मी चपला घालत होते तेव्हा दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, “तुला घाई झालीय का गं त्यांची?”

तिने दार लावून घेतलं.

पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी दोनदा जिना चढून गेले, दोनदा बेल न वाजवता परत आले. तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये जाऊन कुमसारही केला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली. फादरना सांगितलं की माझं प्रार्थनेत लक्ष नसतं, आणि त्यामुळे एका जिवंत माणसाला मी मेलेल्यांत घातलं. जाळीपलीकडे ते हसू दाबत असावेत. मग म्हणाले, मन भटकणं हे पाप नव्हे, भटकलेलं कळल्यावर मुद्दाम तिकडेच राहणं वेगळं. कळलं की चिडू नकोस, हळूच परत आण. ऐकायला किती सोपं. मी घरी येऊन मोबाईल तांदळाच्या डब्यात कोंबला, भिंतीकडे तोंड करून बसले आणि सहाव्या मण्यावर तांदळात किडे झालेत का याचा विचार करायला लागले. स्वतःचा इतका राग आला की माळ टेबलावर आपटली. म्हणजे चिडायचं नव्हतं, तेही जमलं नाही.

पण फादरना मी सगळं सांगितलंच नव्हतं. दादांचं नाव तोंडून निघालं त्या वेळी माझं डोकं गळतीत नव्हतं की वरच्या बाईत नव्हतं. मी त्यांच्या इमारतीच्या लिफ्टचा विचार करत होते. लिफ्ट ही एवढीशी, तीन माणसं कशीबशी मावतात. शवपेटी तीत मावणार नाही, मग चार मजले जिन्याने उतरवावी लागेल, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या लोकांचं चपलांचं कपाट आहे, ते आधी हलवायला सांगावं लागेल. हे सगळं मी मारियेच्या मूर्तीसमोर बसून ठरवत होते. मग हे भटकणं होतं का? त्या खोलीत दादांबद्दल खरा विचार करणारी मी एकटीच होते की मीच त्यांना सगळ्यांच्या आधी पुरून मोकळी झाले होते? मला उलगडेना. आजही नीट उलगडलेलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी दादांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. “ये जरा. माळ घेऊन ये.”

दार मैत्रिणीने उघडलं आणि ती तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. मी आत जाऊन दादांच्या उशाशी बसले आणि बसल्या बसल्या माफी मागायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

“चुकून म्हणालीस, माहितीये मला.”

“तुम्ही पण उत्तर दिलंत,” मी म्हटलं. “सवयीने, ना?”

“सवयीने बाहेरच्यांनी दिलं. मी लक्ष देऊन ऐकत होतो, म्हणून दिलं.” ते दमले, थांबले. “चार महिने झाले. ह्या घरात कोणी माझ्याशी ते बोलत नाही. जो येतो तो म्हणतो चेहरा छान दिसतोय. आरशात बघतो ना मी. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी बोललं.”

मला रडू आलं, आणि त्या भरात मी लिफ्टचं सगळं सांगून टाकलं, चपलांच्या कपाटापर्यंत. ते हसले. हसताना त्यांना दुखलं.

“ते कपाट खरंच हलवायला सांग,” म्हणाले. “मी पण इथे पडून तोच जिना उतरत असतो. आता माळ म्हण. मला एकट्याने पूर्ण होत नाही, मधेच झोप लागते.”

मी सुरू केलं. तिसऱ्या मण्यावर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “मागे कुत्रं लागलंय का गं?”

मग मी हळू म्हणू लागले. हळू म्हणणं भयंकर अवघड असतं. प्रत्येक शब्दाला जागा होते आणि त्या जागेत काहीही घुसतं. औषधांच्या बाटल्या घुसल्या, त्यांच्या पायावरची सूज घुसली, स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज घुसला. दर वेळी मी परत येत होते, चिडत नव्हते. चिडायला वेळच नव्हता. आणि मग एका मण्यावर ‘आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ इथे आले आणि तिथेच थांबले. चाळीस वर्षं मी हे प्रत्येक मण्यावर म्हणत आले होते. त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पन्नास वेळा म्हटलं होतं, सगळ्यांनी म्हटलं होतं, मैत्रिणीनेसुद्धा. मग या घरात मरणाचं नाव काढायचं नाही असं आम्ही नक्की कशाला म्हणत होतो?

दादा डोळे मिटून वाट बघत होते. मला पुढचा शब्द आठवेना. मी प्रार्थना करत होते की नुसती घाबरले होते, सांगता येत नाही. माळ हातातून सुटून चादरीवर पडली होती आणि मी कुठल्या मण्यावर आहे तेही कळेना.

“कितवा झाला?” मी कोणाला तरी विचारलं.

दादांना झोप लागली असावी. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“सातवा,” तिथून मैत्रीण म्हणाली. “ते वाक्य पुरं कर, आणि आठवा म्हण. मी उत्तर देते.”