दोघांपुरतं वरण

"माणसं किती?"

काकांना काहीही सांगा, पहिला प्रश्न हाच. लग्न ठरलं सांगा, बारसं सांगा, कोणी गेलं सांगा. विचारताना ते मीठ मापत असल्यासारखी उजवी मूठ अर्धी मिटत आणि तिच्याकडेच बघत उत्तराची वाट पाहत. माझी मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "लय मस्त. माणसं किती?" मी म्हणालो, काका, मुलगी एकच आहे, जेवण वगैरे काही ठेवलेलं नाही. ते थोडे हिरमुसले, पण दुसरा पेढा घेतला.

असा आचारी तुमच्याही गावात असेल. त्याचं नाव पत्रिकेत कुठेच नसतं, पण तो मोकळा आहे का ते विचारल्याशिवाय लग्नाची तारीख कोणी धरत नाही. आमच्या रिसोडचे काका त्यातले. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या, बुंदी. शंभराच्या आतला आकडा सांगितला तर ते समोरच्याला हळूच विचारायचे, "घरात भांडणं हायेत का?"

माझं वेल्डिंगचं दुकान आहे, अब्बांच्या वेळचं. काकांच्या हंड्यांचे कान, झाऱ्यांचे दांडे, भट्ट्यांचे पाय, सगळं आमच्याकडे जोडायला यायचं. एके दिवशी ते एक जुनी पिवळी स्कूलबस स्वतः चालवत घेऊन आले, दुकानासमोर लावली आणि म्हणाले, "मिस्त्री, याचं घर कर. आत रांधता आलं पाहिजे, निजता आलं पाहिजे." मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या. त्या खाली उतरल्या आणि दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी मला सगळं नीट सांगितलं.

"चाळीस वर्सं झाली लग्नाले, बाबू. साऱ्या जिल्ह्यानं यायच्या हातचं खाल्लं. मी काय खाल्लं? मांडवातून डब्यात आलेलं, थंडं. अन् तेबी एकटीनं. आता मले समुद्र पाहाचा हाय. तिथं यायनं दोघांपुरतं वरण-भात रांधाचा, अन् माह्या संग बसून गरम गरम खायाचा. बस. मंग मी काई मांगत नाई."

काका तेवढा वेळ बसखाली वाकून टायर बघत होते. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

मला वाटलं, दोन जणांचा संसार. एक शेगडी, एक फळी, चार डबे. आठ दिवसांत काम हातावेगळं करू. काका खडू घेऊन बसमध्ये शिरले. बाहेर आले तेव्हा आत तीन मोठ्या हंड्यांच्या जागा, दोन भट्ट्या, चार बायांनी पोळ्या लाटायचा ओटा, कांद्याचं पोतं टांगायची जागा आणि बुंदी पाडायचा कोपरा आखून झाला होता. मी विचारलं, निजायचं कुठे? म्हणाले, "हंड्यायच्या मधात. ऊब राह्यते." चालत्या गाडीत हंडे हलू नयेत म्हणून मी जाड लोखंडी कड्या बसवल्या, त्यांना वरून चिमटे दिले. खोटं कशाला बोलू, इतकं सरळ वेल्डिंग माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी बसमध्ये चढवून त्या कड्या दाखवायचो.

प्रवासात कुठल्या दिवशी काय रांधायचं याची एक वहीही झाली. त्यात काकांनी लिहिलं, "दिवस पहिला, सकाळ. पोहे, पाच किलो." काकूंनी पाच किलो खोडून पाव किलो केलं. त्याखाली काकांनी लिहिलं, "पाव किलोत कढईचं बूड झाकत नाही." त्याखाली काकूंनी लिहिलं, "कढई बदला." वही अशीच पुढे गेली. दिवस तिसऱ्यापर्यंत पोचायला त्यांना महिना लागला.

पहिली चाचणी शिरपूर जैनची ठरली. कड्या धरतात का ते बघायला मीही गेलो. काकूंनी दह्याचं गाडगं छताला टांगलं होतं. रस्ता असा की, शिरपूरला पोचेपर्यंत दह्याचं ताक झालं आणि ताकावर लोण्याचा गोळा आला. "चला, घुसळाचं वाचलं," काकू म्हणाल्या आणि लोणी वाटीत काढून ठेवलं. दोघांच्या भातावर घालायला होईल म्हणाल्या.

लिंबाखाली बस लावली आणि काकांनी विचारलं, "माणसं किती?"

मी म्हणालो, "तिघं."

मूठ काही मिटेना. "तीन म्हंजे येणारं-जाणारं धरून पाच," ते म्हणाले. "पाचाचं वरण या हंड्यात बुडाले लागते. न लागाले पंचवीसचं पाहिजे. पंचवीसच्या वरणाले मी आजवर फोडणी देल्ली नाई, अंदाज चुकीन. साठ करून टाकू."

अशा रीतीने तिघांचे साठ झाले. त्या हिशेबात मला कुठेही चूक दाखवता आली नाही, हे माझं दुर्दैव.

मग साठ माणसं शोधायला मला पाठवलं. दर्शनाला आलेली एक बस उभी होती. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी हात जोडून विचारलं, वरणात कांदा-लसूण आहे का? होता. काकांनी त्यांची माफी मागितली आणि दुसऱ्या हंड्यात बिनकांद्याचं, बिनलसणाचं वरण चढवलं. तेही साठ माणसांचं. आता पहिलं वरण खायला आणखी साठ माणसं हवी होती. मी ऑटोवाले, हारवाले, पंक्चरवाला, एसटीची वाट बघणारे, जो हाती लागला त्याला धरून आणला. तिकडे ऊन कलायला लागलेलं. दर्शनाला आलेली जैन मंडळी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून काका बादली घेऊन अक्षरशः पळत वाढत होते. एवढं खूश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

काकू बसमध्ये दोन ताटं मांडून बसल्या होत्या. दुपारपासून. शेवटी त्यांनी एक ताट उचलून ठेवलं आणि दुसऱ्यात एकट्याच जेवल्या. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "अजी, समुद्र मागं गेला का? मले दिसला नाई."

"पुढच्या खेपेले," काका म्हणाले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी दुकान उघडलं, तर मागच्या मोकळ्या जागेत काका उकिडवे बसलेले. समोर तीन विटांची चूल आणि तिच्यावर एक लहानसा गंज, म्हणजे घरातलं साधं पातेलं. दोघांचं वरण करून बघत होते. बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि सगळं वरण दुकानाच्या कुत्र्यापुढे ओतलं. कुत्र्याने हुंगलं, काकांकडे पाहिलं आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलं.

"पाचशेच्या वरणाले हात आपोआप चालते," काका म्हणाले. "या गंजात तो थरथरते. एवढुसं मीठ, एवढुसं तिखट. कवा कच्चं राह्यते, कवा जळते."

मी म्हणालो, बिघडलं तर बिघडलं. काकू काय परक्या आहेत?

"परक्या असत्या तं काय होतं, मिस्त्री. पाचशे माणसं चार दिवस नावं ठेवते अन् इसरते. ते आपापल्या घरी जाते. हे माह्याच घरी येते. चाळीस वर्सं तिनं आयकलं का मी लय मोठा आचारी हावो. दोघांचं वरणबी मले जमत नाई, हे तिले समजलं तं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसाला गर्दीची सवय होती, हे खरंच. पण शिरपूरला तो शंभरावर माणसांच्या मागे बायकोपासून लपला होता. मला त्यांची कीव आली, आणि काकूंची दोन ताटं आठवून रागही आला. दोन्ही गिळून मी चूल विझवली.

दुसऱ्या चाचणीला तरी समुद्राच्या दिशेने जायचं ठरलं होतं. समुद्र मावळतीला. काकांनी बस काढली ती उगवतीला, थेट आसेगावच्या रस्त्याला. तिकडची माणसं जेवायला बरी आहेत म्हणे.

आसेगावात पिवळी बस, त्यात तीन हंडे, बाहेर चुलीचा धूर. कोणीतरी म्हणालं, योजना आली. अर्ध्या तासात आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन रांग लागली. एक आजोबा मला विचारू लागले, "अंगठा कुठं लावाचा?" पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ नारळ घेऊन आले, तो त्यांनी बसच्या बंपरवर फोडला आणि ही बस गावात यावी म्हणून आपण दोन वर्षं कसा पाठपुरावा केला, यावर भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काकांनी त्यांना फक्त आकडा विचारला आणि वांग्यांची तिसरी टोपली चिरायला घेतली.

तिथल्या एका उत्साही माणसाने यादी करायला सुरुवात केली. काकू बसच्या दारातच उभ्या होत्या, म्हणून लाभार्थी क्रमांक एक त्या झाल्या. त्यांना पहिल्या पंगतीत पहिलंच पान मिळालं. गरम पोळी, गरम वांग्याची भाजी. वाढायला काका स्वतः आले. पहिल्या पानावर भाजी वाढली, मान वर न करता म्हणाले, "सावकाश जेवा," आणि दुसऱ्या पानाकडे सरकले. काकू बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. काका जेवले सगळ्यात शेवटी, भट्टीजवळ उभ्या उभ्या.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच दुकानात आल्या. "बाबू, त्या कड्या काप," म्हणाल्या.

मी म्हणालो, काकू, ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे.

"म्हनून तं सांगून राह्यली. वाईट राह्यलं असतं तं आपोआप पडलं असतं."

मी गॅस पेटवला आणि कापल्या. तिन्ही. भट्ट्या काढल्या, ओटा काढला. एक शेगडी आणि एका गंजापुरती फळी ठेवली. इतकं वाईट मला स्वतःचं दुकान पाडलं असतं तरी वाटलं नसतं. संध्याकाळी काका आले, बसमध्ये चढले, कापलेल्या लोखंडावरून हात फिरवला. "मिस्त्री, तुनं माहे हात तोडले," एवढं म्हणून निघून गेले. तीन दिवस ते दुकानावरून गेले तरी माझ्याकडे बघत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी बस जागेवर नव्हती.

सोळा-सतरा दिवसांनी दोघं परत आले. सगळं रिसोड विचारायला लागलं. समुद्र कसा होता? काका म्हणत, "मोठा हाय." आणि वरण कसं झालं? या प्रश्नाला त्यांना नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं. मी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी मला माझ्याच दुकानात चहा पाजला आणि निघून गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, लग्नाच्या ऐन हंगामात, एका मांडवामागे वरणाला फोडणी देऊन काका जरा खाटेवर टेकले आणि उठलेच नाहीत. पंगती उठत होत्या, बसत होत्या. सगळी माणसं जेवून जाईपर्यंत कोणाला कळलं नाही. वरण फार चांगलं झालं होतं, असं सगळे अजून सांगतात. मला ते ऐकवत नाही.

बस माझ्याच दुकानामागे उभी आहे. एका दुपारी काकू तिच्याकडे बघायला आल्या आणि पायरीवर बसल्या. मला राहवलं नाही. विचारलं, काकू, तिथे समुद्रावर झालं का वरण?

"झालं तं," त्या म्हणाल्या. "शेगडी वाऱ्यानं इझे. डाळ शिजेच ना. मले म्हनत, तू तिकडं पाह्य, पाण्याकडं पाह्य, इकडं पाहू नको. मी पाह्यलं पाण्याकडं. दोन तास पाह्यलं. एवढा समुद्र कोणीच पाह्यला नसन, बाबू."

"मग?"

"मंग दोन ताटं वाढले. माह्या बाजूले बसले. पण स्वोता घास घेत ना. माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. डाळ कच्ची होती. खाली लागलीबी होती."

"तुम्ही काय म्हणालात?"

काकूंनी गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. "काय म्हननार? म्या म्हटलं, वाढा अजून. वाढलं. मंग तेबी जेवाले लागले. पुन्हा मांगितलं, पुन्हा वाढलं. तिसऱ्या खेपेले मांगितलं तं गंजात काईच नाई. यायच्या हातचं आजवर कोठंच कमी पडलं नव्हतं, बाबू. त्यायनं तो गंज उलटा करून मले दाखवला, अन् लय येळ हासत बसले."