दुपारची शाळा कोणी ठरवली

मीटिंग सुरू झाली की सर आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या. आता मले काई दिसत नाई. कोणाचा हात वर झाला, कोणाचा नाई, मले पत्ता नाई. बोला."

मुख्याध्यापकांना तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणं शिक्षकांना किती जड जातं, हे कुठल्याही स्टाफरूममध्ये घटकाभर बसलात तर तुम्हालाही कळेल. आमच्या सरांनी त्यावर हा उपाय काढला होता. आवाजावरून माणूस ओळखू येतोच, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आम्हाला धीर यायचा.

मी तेव्हा अमरावतीहून रोज अपडाऊन करायचे. शाळा तासाभरावरच्या गावात. सरांच्या मीटिंगांचा मला मनस्वी कंटाळा. पाण्याची टाकी कुठे बसवायची? मीटिंग. गॅदरिंगचा पडदा कोणत्या रंगाचा? मीटिंग. घंटेची वेळ बदलायची तर शिपायालाही आत बोलवायचे. "ठोके तो देते, मंग त्याले नको इचारायचं काय?" गणिताचे सर शेंगदाणे खात म्हणायचे, सरांनी लग्नसुद्धा मीटिंग घेऊनच केलं असणार. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "घेतली असती तं बरं झालं असतं." आणि हे आमच्या घरी सांगू नका, अशी विनंतीही केली.

एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, एवढं विचारत बसण्यापेक्षा तुम्हीच ठरवून टाका ना."

"मॅडम, मी ठरवलं तं तुमी नुसतं करसान. तुमी ठरवलं तं नीट करसान."

त्या वर्षी मार्च सरायच्या आतच ऊन भाजायला लागलं. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. त्या वर्षी वेळ ठरवणं शाळांवर सोपवलं होतं, आणि नेमकी पहाटेची एसटी बंद झाली होती. सरांनी चष्मा काढला. आम्ही सगळे एका सुरात बोललो की खेड्यांवरची मुलं सकाळी येणार कशी? मुद्दा खोटा नव्हता. अमरावतीहून येणाऱ्या आम्हा निम्म्या शिक्षकांनाही तीच एसटी लागायची, हे मात्र कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

"माहं म्हणणं, सकाळचीच ठेवा," सर म्हणाले. "लेकरं उशिरा आली तं आपण थांबू. ऊन काई थांबत नाई."

हात वर झाले. दुपारच्या बाजूने आम्ही सगळे, सकाळच्या बाजूने सर एकटे. "ठरलं मंग," ते म्हणाले, आणि नोटीस स्वतः लिहून खाली सही केली. राग म्हणून नाही. उलट दुसऱ्याच दिवशी वर्गावर्गात जादा माठ आले, आणि मधल्या सुट्टीत मैदानावर जायला बंदी झाली.

आठवडाही गेला नाही. नववीतली एक मुलगी शेतातून पायी येताना शाळेच्या फाटकापाशी कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे फिरलेले. गणिताच्या सरांच्या गाडीतून तिला अमरावतीला नेलं. मागच्या सीटवर सर तिचं डोकं मांडीवर घेऊन ओला टॉवेल फिरवत होते आणि सारखं तिचं नाव घेत होते.

मुलगी वाचली. पण ती शुद्धीवर येईपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात तिची आई आम्हा प्रत्येकाला एकच विचारत होती, "कोनं ठरवली हे दुपारची शाळा?" 

गावात बोंब झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी शाळा समिती बोलावली. अध्यक्ष कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, एक घाव दोन तुकडे करणारे. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून सरांबरोबर मीही त्या खोलीत होते. ज्यांनी ज्यांनी हे ठरवलं त्या सगळ्यांवर कारवाई होईल, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. आमच्यातले तिघं नुकतेच लागलेले, अजून कायमही झाले नव्हते. तरी मी खरं सांगायचं ठरवूनच गेले होते.

"साहेब, तो निर्णय आम्ही..."

"तुमी गप बसा," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. या माणसाने कधी शिपायालाही गप बस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"शाळा मी चालवतो, साहेब. या लोकायले कोण इचारते? मले वाटलं दुपारची, मी केली दुपारची. सही माही हाय, पाहून घ्या."

चष्म्याआडचा तो चेहरा इतका मग्रूर होता की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. 

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, हे काय केलंत तुम्ही?"

"नवीन पोट्टे हायेत, मॅडम. आत्ता कुठं लागले. माहे दिवस तसेही भरत आले."

"अहो, पण हे धडधडीत खोटं..."

"आता याच्यावर मीटिंग नका घेऊ," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

सर निलंबित झाले. आम्ही सगळे शिक्षक, ती तीन पोरंही, जिनिंगवर जाऊन अध्यक्षांना भेटलो आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाले, "तुमी लोकं भले. तुमच्या सराले वाचवून राहिले. पण त्यानं सोता कबूल केलं ना." खरं बोलून आम्ही फक्त भले ठरलो.

निवृत्तीचा दिवस तसाच गेला. ना निरोप, ना शाल, ना नारळ. सर अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. चौकशी अजून चालूच होती, आणि एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. मुलीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मुलं विचारत होती, मॅडम काय झालं?

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. ती मुलगी आता दहावीच्या रांगेत बसली होती. तिची आई भिंतीशी उभी होती. अध्यक्ष स्वतः आले आणि मनापासून बोलले. "माणूस सोन्यासारखा व्हता. खोड एकच. कोणाले इचारत नव्हता."

गणिताचे सर ताडकन उठले. "साहेब, तसं नव्हतं," म्हणाले आणि पुढे त्यांचा आवाजच फुटेना. अध्यक्षांनी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

भिंतीशी उभ्या त्या आईने पदर सावरला आणि अध्यक्षांचं बरोबर आहे, अशी मान हलवली.