उसना नावाच्या कंपनीत

मंदारचं नाव बातम्यांत आलं की मला फोन येतात. "तू होतीस ना त्याच्याकडे? खरं काय झालं गं?" पूर्वी मी सगळं सांगायला बसायचे. आता टाळते. एक किस्सा सांगितला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, मग तिसरा, आणि चहा गार होतो. मंदारचं असंच आहे. दूध आणायला गेला तरी येताना किस्सा घेऊन यायचा आणि दूध विसरायचा.

आम्ही दोघं दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातले. त्याचे बाबा आणि माझे बाबा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर्स वरखाली. मंदारने चांगली नोकरी सोडून ॲप काढायचं ठरवलं, तेव्हा मी एमए होऊन घरी बसले होते. तो म्हणाला, "पल्लवी, कस्टमर सपोर्ट तू बघ."

"अरे, पण कस्टमरच नाहीयेत."

"म्हणूनच सांगतोय. आत्ता तुला झेपेल."

कल्पना साधी होती. शिडी वर्षातून एकदा लागते, ड्रिल मशीन दोनदा. मग प्रत्येक घराने ते विकत का घ्यायचं? शेजारच्याकडून थोड्या भाड्याने घ्या, काम झालं की परत करा. नाव त्याने आईकडून उचललं. काकू कायम म्हणायच्या, "जा, वरून वाटीभर साखर उसनी आण." म्हणून ॲपचं नाव 'उसना'. दिल्लीत या शब्दाचा काय अर्थ होतो, हे आम्ही कोणालाच विचारलं नाही.

*

पहिलं ऑफिस मुनिरकात, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खाली वर सगळे विद्यार्थी. मंदारने गल्लीभर पोस्टर लावली: 'उसना. अब आपके मोहल्ले में.'

सकाळी पहिला फोन आला. "मैडम, उसना कैसे दिया?"

मी उत्साहाने सुरू झाले. "जी, आपको क्या चाहिए? सीढ़ी, ड्रिल मशीन, इस्त्री..."

"अरे, चावल चाहिए."

मला वाटलं राँग नंबर. मग दुसरा फोन, तिसरा. सगळ्यांना चावल. शेवटी एका मुलालाच विचारलं, तेव्हा कळलं की बिहारकडे उसना म्हणजे उकडा तांदूळ. आणि मुनिरकात अर्धी मुलं तिकडचीच. घरच्यासारखा भात मिळणार म्हणून बिचारी खूश झाली होती.

संध्याकाळपर्यंत "हम चावल नहीं बेचते" म्हणून माझा घसा बसला. मंदारने सगळं ऐकून घेतलं, खाली गेला आणि ऑटोत उकड्या तांदळाचं पोतं टाकून आला. म्हणाला, "मार्केट बोलतंय यार. आपण कोण नाही म्हणणारे?"

पुढे बरेच दिवस आम्ही तांदूळच विकला. शिडी कोणी मागेना. ॲपवर पहिला रिव्ह्यू आला तो मला अजून पाठ आहे: 'चावल बहुत अच्छा है. ऐप समझ में नहीं आया.'

*

मग एक गुंतवणूकदार बंगळुरूहून येणार असं ठरलं. त्यांचे गुडघे दुखायचे आणि मुनिरकाच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. म्हणून मीटिंग मंदारच्या घरी, क्वार्टरमध्ये.

काकूंनी पोहे केले. पाहुणा काय विचारतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, प्लेट रिकामी दिसली की त्या वाढत होत्या. काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. मुलाने सरकारी परीक्षा दिली नाही याचा राग त्यांच्या मनात होता, त्यामुळे या विषयावर ते घरात बोलतच नसत.

मंदारने लॅपटॉपवर सगळं दाखवलं. पाहुण्यांनी शांतपणे ऐकलं आणि चष्मा काढून विचारलं, "सब ठीक है. लेकिन आपका एग्ज़िट क्या है?"

म्हणजे पुढे कंपनी कोणाला विकणार, पैसे घेऊन बाहेर कसे पडणार. मंदारने याचं उत्तर पाठ केलं होतं, पण ऐन वेळी त्याला काही सुचेना.

तेवढ्यात काकांनी पेपर खाली केला. "इसी दरवाज़े से जाइए. पीछेवाला अटकता है."

पाहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी पाणी दिलं. जाताना ते मंदारला म्हणाले, "पैसा मैं दे रहा हूँ. लेकिन पिताजी को मीटिंग में रखना."

*

कंपनी गुडगावला गेली, काचेच्या बिल्डिंगमध्ये. आता लोक खरंच शिड्या मागायला लागले. आणि भानगडीही सुरू झाल्या.

दिल्लीतल्या द्वारका भागातले एक रिटायर्ड कर्नल आठवडाभर डेहराडूनला गेले होते. मागे त्यांच्या शेजाऱ्याने त्यांची पार्किंगची जागा आमच्या ॲपवर भाड्याने लावली. कर्नलसाहेब परत आले तर त्यांच्या जागेत एक घोडी उभी. लग्नाची, झूल वगैरे घातलेली. सोबत वाजंत्रीवाले, ते डबा खात बसलेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या ऑफिसात. "यहाँ का कमांडिंग ऑफिसर कौन है?"

मंदार उभा राहिला. कर्नल जे सुरू झाले ते थांबेचनात. बेशिस्त, बेजबाबदार, देश कसा चालणार. मंदारने मान खाली घालून सगळं ऐकलं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा त्याने विचारलं, "सर, आप आजकल क्या करते हैं?"

"क्या करूँगा? रिटायर्ड हूँ."

"तो हमारे यहाँ आ जाइए."

सोमवारपासून कर्नल आमचे तक्रार-प्रमुख. त्यांची पद्धत सोपी होती. वस्तू उशिरा परत करणाऱ्याला ते स्वतः फोन करायचे आणि फक्त एवढंच विचारायचे, "क्यों?" पुढे काही बोलायचे नाहीत. समोरचा आपणहून रडकुंडीला यायचा. एका माणसाने उसन्या मिक्सरला ओरखडा पाडला होता, तो मिठाईचा डबा घेऊन मालकाच्या घरी माफी मागून आला.

ऑफिसातही त्यांचा वचक बसला. नऊला दारात उभे. उशिरा येणाऱ्याला काही बोलत नसत, नुसते घड्याळाकडे बघत. उशीर झाला की मंदार सामानाच्या लिफ्टने यायचा. कंपनी त्याची होती.

*

याच सुमारास दिल्लीतल्या मराठी मंडळींनी त्याचा सत्कार ठेवला. कोपर्निकस मार्गावर, जुन्या अतिथिगृहाच्या हॉलमध्ये. पहिल्या रांगेत काका-काकू. मुलगा शेवटी काहीतरी झाला म्हणून काकांनी कोट घातला होता.

आता एक सांगायला हवं. मंदार जन्मापासून दिल्लीत. घरी मराठी बोलतो, पण ते 'जेवायला काय आहे' एवढ्यापुरतं. भाषण म्हटलं की डोक्यात हिंदी सुरू होतं. मी म्हटलं होतं, लिहून देते. म्हणाला, "नको, दिल से बोलणार."

आणि तो मनापासूनच बोलला. "मित्रांनो, मी आज जो काही आहे, तो फक्त आईबाबांमुळे. त्यांनी मला लहानपणापासून उत्तम शिक्षा दिली."

काकूंनी काकांकडे पाहिलं.

"पैसे कमी असायचे, पण शिक्षेत त्यांनी कधी कमी पडू दिलं नाही. बाबा तर ऑफिसमधून थकून आले तरी रात्री बसून शिक्षा द्यायचे."

मागून कोणीतरी खोकलं. मंदारला वाटलं, लोक भारावलेत. तो माईकच्या आणखी जवळ सरकला. "आणि मीसुद्धा आयुष्यात चेष्टा करणं सोडलं नाही. गुंतवणूकदार आले, तेव्हा चेष्टा केली. कस्टमर आले, चेष्टा केली. आज तुमच्यासमोर उभा आहे, तेही तीच चेष्टा करत."

त्याला हिंदीतली चेष्टा म्हणायची होती, म्हणजे प्रयत्न. टाळ्या पडायला जरा वेळ लागला, पण मग जोरात पडल्या. चहाच्या वेळी एक आजोबा काकांचा हात धरून म्हणाले, "अहो, एवढंही मारू नये मुलाला."

काका म्हणाले, "कमी पडलं. उरलेलं घरी गेल्यावर देतो."

*

ज्याने खरं वादळ उठलं, ते नोटिफिकेशन प्रकरण.

आमची नोटिफिकेशन्स कोणी उघडत नसे. मंदार मीटिंगमध्ये म्हणाला, "मी आईचा मेसेज नेहमी उघडतो. का? कारण ती सेल लागलाय असं लिहीत नाही. आपणही आईसारखं लिहायचं." आणि त्याने ते स्वतःच लिहिलं.

कामाच्या दिवशी, ऐन सकाळी ऑफिसं भरायच्या वेळी, अख्ख्या दिल्लीत आणि आसपास आमच्या ग्राहकांचे फोन वाजले. मेसेज एवढाच: 'गैस बंद किया था ना?'

खाली बारीक अक्षरात शेगड्यांची जाहिरात होती. ती कोण वाचतंय? लोक मेट्रोतून पुढच्याच स्टेशनला उतरले आणि उलटे फिरले. नोएडात एका ऑफिसचा अख्खा मजला रिकामा झाला म्हणे. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी चहा केला नाही, तेसुद्धा ऑटो करून घरी आले.

संध्याकाळी टीव्हीवर चर्चा. 'ऐप आपके घर में झाँक रहा है?' मंदारला बोलावलं होतं. अँकरने बोट रोखून विचारलं, "आपको कैसे पता था कि गैस चालू है?"

"मुझे नहीं पता था."

"तो पूछा क्यों?"

"पता तो माँ को भी नहीं होता."

कंपनीच्या बोर्डातले लोक भयंकर भडकले. आम्ही ऑफिसात तोंड लपवून बसलो होतो. मंदार दोन दिवस नीट जेवलाही नाही. मग फरिदाबादच्या एका बाईंचा मेल आला. मेसेज वाचून त्या धावत घरी गेल्या, तर गॅस खरंच चालू होता, कुकर काळाठिक्कर. 'भगवान आपका भला करे,' त्यांनी लिहिलं होतं. मंदारने मेल सगळ्यांना उभं राहून वाचून दाखवला. शेवटची ओळ वाचताना मात्र थांबला. 'अगली बार इस्त्री का भी पूछ लेना. वो भी चालू थी.'

*

पण तो मेल काही कामी आला नाही. मंदारला त्याच्याच कंपनीतून काढायचं ठरलं. बोर्डाची मीटिंग गुडगावच्या ऑफिसात, मोठ्या खोलीत. अध्यक्ष मुंबईहून आले होते. स्लाइड्स बदलायला म्हणून मी कोपऱ्यात.

मला वाटलं होतं मंदार भांडेल. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, सगळं ऐकून घेतलं आणि "अच्छा" म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

अध्यक्षांनी हुकूम सोडला, "इनका अकाउंट अभी के अभी बंद कीजिए." अकाउंट बंद झालं. मग ते कायदेशीर मुद्दे एकेक करून वाचायला लागले.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मंदारचं म्हणणं असायचं, आपणच वस्तू विकत घेतल्या तर लोकांनी उसन्या का घ्याव्यात? म्हणून त्या ऑफिसातलं सामान सगळं आसपासच्या सेक्टरमधून, आमच्याच ॲपवरून, मंदारच्या नावाने आणलेलं. आणि कोणाचं अकाउंट बंद झालं की सिस्टीम आपोआप सगळ्या मालकांना कळवायची: हा ग्राहक आता आमच्याकडे नाही, कृपया आपली वस्तू घेऊन जावी.

आधी एक सरदारजी आले, प्रोजेक्टरसाठी. चालू स्लाइड संपेपर्यंत दारात शांत उभे राहिले. मग दोन भाऊ पांढरा बोर्ड घेऊन गेले. अध्यक्ष वाचतच होते. तेवढ्यात एक आंटी ड्रायव्हरला घेऊन आत शिरल्या आणि एका संचालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बेटा, ज़रा उठोगे?"

ते उठले. मग शेजारचे उठले. आंटींनी प्रत्येक खुर्ची फिरवून तपासली, ड्रायव्हरने त्या लिफ्टकडे न्यायला सुरुवात केली. मंदारने बाह्या वर केल्या आणि तोही लागला. शेवटी अख्खं संचालक मंडळ भिंतीला टेकून उभं, कागद हातात.

अध्यक्ष वयाने मोठे, सकाळपासून प्रवासात. शेवटची खुर्ची दाराशी पोचली तेव्हा त्यांनी हात जोडले. "मैडम, बस यह एक रहने दीजिए. पाँच मिनट."

आंटींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऐप पे रिक्वेस्ट डाल दीजिए," त्या म्हणाल्या. "मैं देख लूँगी."