खांद्यापासून खांद्यापर्यंत

‘घाई न्हाई, बाळांनो. आवाज वढा, पर तोडू नका!’

असं म्हणत इंग्रजीचे सर तर्जनी डाव्या खांद्यापाशी धरत आणि हवेत रेघ ओढल्यासारखी उजव्या खांद्यापर्यंत नेत. तोवर त्यांच्याबरोबर वर्गानं ‘शीऽऽऽप’ म्हणायचं, म्हणजे मेंढरू. आखूड स्वराला नुसती चुटकी: ‘शिप’, म्हणजे जहाज. जहाज आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. यवतच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत आणि मधल्या पत्र्याच्या अलीकडे मी भूगोल. तुम्ही कधी अशा मास्तरांच्या शेजारी तास घेतला असेल, तर माझा त्रास तुम्हाला कळेल. माझ्या नद्या रोज त्यांच्या मेंढरांत अडकायच्या. वडगाव रासाईच्या बौद्धवस्तीतून मॅट्रिक झालेले ते पहिलेच. पुण्यात त्यांच्या उच्चाराला लोक हसले होते. आपल्या पोरांना कुणी हसू नये, एवढाच त्यांचा ध्यास.

एसटीचा कंडक्टरसुद्धा त्यांना पाहून ओरडायचा, ‘या मास्तर, ही घ्या सीऽऽट!’

ते बोट खांद्यापर्यंत नेऊन बघत आणि म्हणत, ‘जरा कमी पडली, मामा.’

दिवाळीनंतर पत्र्यापलीकडचा ‘शीऽऽप’ आखूड होऊ लागला. मला आधी तेवढीच शांतता वाटली. मग एकदा दारातून पाहिलं. सरांचा आवाज मध्येच थांबला होता आणि बोट पुढं चाललं होतं. मुलं हसली. संक्रांतीपर्यंत तीही हसेनाशी झाली.

‘खडूची धूळ हाय,’ म्हणत ते ज्येष्ठमध चघळायचे. गळ्यावरची गाठ कॉलरखाली लपेना, तेव्हा मी चिडलो.

‘पुण्याला दाखवा. आजच्या आज.’

‘पोरांची परीक्षा हुंद्या, सर. लांब स्वर अजून कच्चं हायती.’

‘स्वर गेले खड्ड्यात! तुमचं काय?’

ते कॉलर वर ओढून वर्गात गेले. मला भीती वाटली.

पुढं त्यांना चुटकीचेच शब्द जमू लागले. लांब शब्द आला की ते मुकाट्यानं बोट उचलत. एके दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्या बोटाबरोबर आवाज लावला आणि ते खांद्याला टेकेपर्यंत सोडला नाही. मागोमाग सगळा वर्ग. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. इकडे माझी मुलंही हळूच म्हणत होती. मी त्यांना गप्प केलं नाही.

ते पुन्हा यवतला आले नाहीत. शेवटचा पेपर झाल्यावर मी त्यांना पुण्याच्या गाडीत बसवलं, ती दुपार तेवढी आठवते. कंडक्टर नेहमीसारखा ओरडला, ‘मास्तर, सीऽऽट!’ आणि उत्तराची वाट पाहत राहिला. सर नुसते हसले. मी खिडकीखाली उभा होतो. गाडी हलली, तसं त्यांनी बोट डाव्या खांद्यापाशी धरलं.

मी, पोक्त वयाचा भूगोलाचा मास्तर, भर रस्त्यात ओरडलो, ‘शीऽऽऽ’. ढाब्यावरची माणसं माना वळवून बघू लागली. गाडी कासुर्डीकडे लागली तरी मी श्वास तोडला नाही. बोट अजून उजव्या खांद्याला पोचलं नव्हतं.